चित्रांपुढचं गाऱ्हाणं

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनी देवळात बसून पाहिली आहे, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. कुडाळजवळच्या या गावात कागदावर चित्रं काढून त्यांवर कथा सांगणारी घरं पिढ्यानपिढ्या आहेत. एका कथेची सगळी चित्रं मिळून एक पोथी होते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग आपोआप समोर येतो. पहिलं पान गणपतीचं, मग सरस्वतीचं आणि त्यानंतर कथा. सांगणारा वीणा घेऊन बसतो, साथीला टाळ आणि हुडुक असतात. पहिलं पान उभं राहिलं की देवळातली कुजबुज थांबते. बाजूने काढलेले चेहरे, त्यांत मोठे गोल डोळे, ताणलेल्या मानेचे घोडे, तांबड्या-पिवळ्या रंगांतले रथ. दिव्याच्या उजेडात चित्र जेवढं दिसतं तेवढं दिसतं. उरलेलं सांगणारा सांगतो आणि ऐकणारा मनात भरून घेतो.

सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. कोणत्या घराने कोणत्या गावच्या देवळात सेवा करायची हे ठरलेलं असे आणि नवरात्रात हे लोक पोथ्या घेऊन आपापल्या गावी जात. त्यामागची परंपरा याहून फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधाराने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे आज आपण ज्याला चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन म्हणतो, तो शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्या मुलखात चित्र लोकांपुढे मांडण्याची एक रीत ठरलेली होती. तिच्यात वेळ, जागा, वाद्य आणि सांगणारा, सगळं नेमलेलं होतं. चित्रासमोर माणूस अडखळला तर त्याला हात देणारं कोणीतरी तिथे बसलेलं असे.

मी आरोंद्याचा. तेरेखोल खाडीच्या या काठावर आमचं गाव आणि पलीकडे गोव्याचं किरणपाणी. चित्रकला शिक्षक म्हणून जिल्ह्यातल्या शाळांतून नोकरी केली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली आणि जमेल तेव्हा मुंबई-पणजीची प्रदर्शनं पाहिली. प्रदर्शनाची पहिली संध्याकाळ मी नेहमी जास्त लक्ष देऊन पाहत आलो आहे. त्या संध्याकाळी चित्रं चित्रकाराच्या हातून सुटून लोकांच्या ताब्यात जातात. ती कोणाच्या हाताने दिली जातात, कोणापुढे आणि कोणत्या भाषेत, यावर त्या चित्रांचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरतं. या रीतीचा आपल्याकडचा इतिहास सांगावा असं फार दिवस मनात होतं.

आमच्या भागात कुठल्याही कामाची सुरुवात गाऱ्हाण्याने होते. जत्रा असो, नाटक असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, नारळ ठेवून मानकरी देवापुढे उभा राहतो आणि म्हणणं मांडतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणतात. यात मला मोठा अर्थ दिसतो. बोलतो एक, पण साक्ष सगळ्यांची असते. कामाला सुरुवात झाली हे गावाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं असतं. दशावतारातही आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, संकासुर येतो आणि मगच मुख्य आख्यान लागतं. प्रेक्षकाला अंगणातून आत आणण्याची ती पायरी असते.

मुंबईत मात्र चित्रप्रदर्शन आलं ते साहेबाच्या हाताने. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये ‘जे. जे.’ कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन हा तेव्हाच्या मुंबईतला मानाचा प्रसंग होता. सुरुवातीला त्यात हौशी जलरंग काढणारे इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या घरच्या स्त्रियाच जास्त. त्यांच्या बरोबरीने जे. जे. मधून शिकलेले आपले विद्यार्थी चित्रं लावू लागले. या प्रदर्शनाचा कणा होता पदक. कोणतं चित्र पहिलं, कोणतं दुसरं, हे परीक्षक ठरवणार आणि मोठा अंमलदार ते जाहीर करणार. प्रेक्षकाने त्या निकालाच्या उजेडात चित्र पाहायचं.

ही रीत परकी होती, तरी तिने आपल्या चित्रकारांना एक गोष्ट मिळवून दिली हे मान्य करायलाच हवं. कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे यांनी, तेही विद्यार्थीदशेत, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प केलं. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली तरुणी. आपल्या घरातली बाई साहेबाच्या दालनात चौथऱ्यावर उभी राहिली आणि तिला पाहायला शहर लोटलं. धुरंधरांनी आपल्या कलाशाळेतल्या आयुष्यावर ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहून ठेवलं. मराठी चित्रकाराने आपल्या काळाची साक्ष मराठीत नोंदवली आहे, म्हणून ते मला फार मोलाचं वाटतं. गोव्यातल्या सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद याच सुमारास जे. जे. मध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले आणि सोसायटीच्या प्रदर्शनांत मानाने झळकले. त्यांची चित्रं आता पणजीच्या फोंतइन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या घरात पाहायला मिळतात. पत्नीची, मुलींची, मुंबईतल्या साध्या माणसांची व्यक्तिचित्रं. आमच्या बाजूच्या कुणी पणजीला गेलं की मी त्यांना तिथे जायला सांगतो.

पण त्या काळी आरोंद्यासारख्या गावात यातलं काहीच पोचत नव्हतं. पोचलं ते छापील चित्र. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कोकणात उतरल्या. ओटीवर, देव्हाऱ्याच्या वर, काजळी धरलेल्या चौकटीत त्या अजूनही काही घरांत आहेत. त्यांचं उद्घाटन घरातल्या म्हातारीने हळदकुंकू लावून केलं. चित्रकाराचं नाव तिला ठाऊक नव्हतं, तरी चित्र त्या दिवसापासून तिचं झालं होतं.

यानंतरची एक तारीख ठळकपणे सांगायला हवी, ७ जुलै १९४९. मुंबईत रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन उघडलं. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे, असे सहा जण. यांतले सूझा गोव्यातल्या साळगावचे. आरोंद्याहून खाडी ओलांडली, पेडणं आणि म्हापसा मागे टाकलं की साळगाव येतं. विद्यार्थी असताना राष्ट्रीय चळवळीत भाग घेतला म्हणून जे. जे. मधून काढलेला हा मुलगा. हुसेन जन्माने पंढरपूरचे आणि सिनेमाचे मोठे फलक रंगवून पोट भरलेले. गाडे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे. बाकरे शिल्पकार. पुढे इंग्लंडमध्ये वर्षं काढून ते कोकणात मुरुड-हर्णैला येऊन राहिले आणि २००७ मध्ये तिथेच वारले.

त्या दिवशी उद्घाटनाला कोणी अंमलदार नव्हता. कादंबरीकार मुल्कराज आनंद यांच्या हस्ते प्रदर्शन उघडलं. सोबतच्या पुस्तिकेत आपली भूमिका सूझांनी स्वतःच्या शब्दांत लिहिली. मला या दोन गोष्टींचं महत्त्व फार वाटतं. साठ वर्षं चित्रांच्या दारात राज्यकर्ता उभा होता. त्याच्या जागी लेखक आला आणि चित्रकार स्वतः बोलू लागला. पदक नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. आम्ही हे असं का काढतो ते ऐका आणि मग पाहा, एवढंच सांगणं. पिंगुळीचा सांगणारा वीणा घेऊन बसतो तेव्हा तोही चित्र आणि माणूस यांच्यामध्ये असाच शब्द ठेवत असतो. फरक होता तो भाषेचा. सूझांचे शब्द इंग्रजी होते आणि त्या दालनात आलेली मंडळीही इंग्रजी जाणणारी होती. गिरणगावात किंवा आमच्या खाडीकाठी तो आवाज पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

१९५२ च्या जानेवारीत जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि उद्घाटन मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या हस्ते झालं. खेर रत्नागिरीत जन्मलेले, म्हणून आम्हा कोकणी माणसांना त्याचं जरा अधिक अप्रूप. मुंबईच्या चित्रकारांना आता स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली. म्युझियमशेजारी, रस्त्याला लागून, कोणालाही आत शिरता येईल अशी. मंगळवारी प्रदर्शन उघडायचं, सोमवारी उतरायचं आणि लगेच पुढच्याची चित्रं टांगली जायची. या आठवड्याच्या चक्राने मुंबईत उद्घाटनाची संध्याकाळ ही नेहमीची गोष्ट करून टाकली. १९६४ मध्ये आवारातच समोवार हे उपाहारगृह सुरू झालं. २०१५ मध्ये बंद होईपर्यंत चित्रांवरचे कितीतरी वाद आणि मैत्र्या तिथल्या अरुंद टेबलांवर झाल्या.

शिक्षणासाठी मी मुंबईत होतो तेव्हा गिरणगावात गावकीच्या खोलीत राहत असे. एका खोलीत वळकट्या मांडून झोपणारी आरोंद्याची आणि आसपासची माणसं. कोणी पहिल्या पाळीला, कोणी तिसऱ्या. त्या खोलीतून संध्याकाळी निघून मी काळाघोड्याला जहांगीरमध्ये जात असे. उद्घाटनाची एक ठरीव रीत मला तिथे दिसली. टपालाने गेलेल्या निमंत्रणपत्रिका, दारात चित्रकाराचे आईवडील नव्या कपड्यांत, एका कोपऱ्यात समई आणि काड्यापेटी, प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत उभी असलेली माणसं. पाहुणे आले की ज्योत लागायची, थोडं भाषण व्हायचं, टाळ्या पडायच्या आणि मग चहा. चहाच्या वेळी बहुतेकांची पाठ चित्रांकडे असायची. तरीही त्या संध्याकाळी मी मन लावून पाहिल्या आहेत. चित्रकाराच्या आईने एका चित्राच्या चौकटीवरची धूळ पदराने पुसलेली मी पाहिली आहे. एका नवख्या मुलाचं एकही चित्र विकलं गेलेलं नसताना त्याच्या गुरूंना सगळ्यांसमोर त्याच्या निळ्या रंगाबद्दल खूप वेळ बोलताना मी ऐकलं आहे. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

एकदा आमच्या खोलीतल्या एका गिरणी कामगाराला मी बरोबर नेलं. साच्यावर काम करून कान बधिर झालेला आणि देवळातल्या चित्रकथीत वाढलेला माणूस. त्याने सगळं दालन सावकाश पाहिलं. अमूर्त चित्रं होती, पण त्याने नाक मुरडलं नाही. एका मोठ्या तांबड्या चित्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “चित्रां बरी आसत. पण सांगणारो खंय आसा?”

या प्रश्नाचं उत्तर मी जन्मभर शोधत आलो आहे. त्याला चित्राचा अर्थ सोपा करून नको होता, तेवढा तो भोळा नव्हता. चित्रकथीतला सांगणारा चित्राचं भाषांतर करत नाही, तो चित्राबरोबर बसतो. मी केलेली गोष्ट मी तुझ्यासमोर मांडतो आहे आणि तू पाहीपर्यंत इथेच बसणार आहे, ही त्यातली हमी असते. काळाघोड्याच्या त्या दालनात चित्रकार हजर होता, पण तो पाहुण्यांच्या गराड्यात होता आणि गिरणी कामगारापर्यंत येण्याचा त्याला रस्ता नव्हता.

इथे वासुदेव गायतोंडे आठवतात आणि माझं म्हणणं मला पुन्हा तपासून पाहावं लागतं. आईवडील गोव्याचे, लहानपण गिरगावच्या चाळीत, १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, नंतर दिल्ली. हा माणूस आपल्या चित्रांबद्दल फार बोलत नसे. गर्दीत रमत नसे. २००१ मध्ये ते गेले तेव्हा मराठी घरांतून त्यांचं नाव फारसं माहीत नव्हतं. आणि २४ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडलं. ज्याने उद्घाटनांची कधी पर्वा केली नाही, त्याच्या चित्रांसाठी जगातल्या एका मोठ्या संग्रहालयाने दार उघडलं. मग सांगणारा हवा, हे माझं म्हणणं खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. चित्रकाराला गप्प राहण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तो गप्प राहिला तर दुसऱ्या कोणीतरी बसावं लागतं. गायतोंड्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये संधिनी पोद्दार यांनी प्रदर्शनाची मांडणी करून ते काम केलं आणि मराठीत सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने केलं. ‘चिन्ह’ने गायतोंड्यांच्या सोबत्यांना बोलतं केलं, आठवणी जमवल्या आणि २०१६ मध्ये गायतोंड्यांवरचा मोठा ग्रंथ मराठीत आणला. तो ग्रंथ मी शाळेतल्या मुलांना दाखवला आहे. पिवळ्या रंगात बुडालेलं एक चित्र पाहून एक मुलगी म्हणाली की हे उन्हाळ्यात दुपारी खाडीकडे पाहिल्यासारखं आहे. तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. शेजारी बसून पान उघडून धरणारं कोणीतरी तेवढं होतं.

उद्घाटनाच्या भाषणाला किती वजन असू शकतं हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ८ फेब्रुवारीला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडत होतं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे, म्हणजे कोकणातलेच. १९९५ मध्ये ते गेले. चित्र कसं सुचतं, वस्तू आणि अवकाश यांचं नातं काय, यावर त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिलं आहे आणि माझ्या मते चित्रकाराने मराठीत लिहिलेलं इतकं स्वच्छ पुस्तक दुसरं नाही. त्या संध्याकाळी अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. आपण त्यांना नट आणि दिग्दर्शक म्हणून ओळखतो, पण त्यांचं मूळ शिक्षण जे. जे. मध्ये चित्रकलेचं. संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद केल्याबद्दल त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. विषयाला धरून बोला, असं सांगण्यात आलं. देशभर त्याची चर्चा झाली.

माझ्या मते पालेकर विषयाला धरूनच बोलत होते. कोणाची चित्रं लावायची हे कोण ठरवणार, हा प्रश्न चित्रांच्या दारात विचारायचा नाही तर कुठे विचारायचा? बॉम्बे आर्ट सोसायटीच्या काळात ते साहेब ठरवत होता. १९४९ मध्ये सहा तरुणांनी ते आपलं आपण ठरवलं. बरव्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी तोच धागा पुन्हा हातात आला होता. गाऱ्हाणं घालणाऱ्याला आमच्याकडे कोणी मध्येच थांबवत नाही. त्याला पटेल ते आणि खुपेल ते देवासमोर बोलू देतात, कारण सगळ्यांच्या मनातलं बोलण्याची जबाबदारी त्या दिवसापुरती त्याच्यावर असते.

आता आमच्या दाराशी काय चाललं आहे ते सांगतो. पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीकडेच होतं. मग पोर्तुगीज आले आणि खाडी ही सरहद्द झाली. १९६१ पर्यंत पलीकडे जाणं म्हणजे दुसऱ्या राज्यात पाऊल टाकणं होतं. त्यानंतर फेरीबोट होती, आता किरणपाणीला पूल आहे. कलेच्या बाबतीत आम्हाला मुंबई लांब आणि पणजी जवळ. १९७२ मध्ये गोव्याचं कला महाविद्यालय सुरू झालं, पुढे मडगावचे लक्ष्मण पै परदेशातली वर्षं मागे टाकून तिथे प्राचार्य म्हणून आले. मांडवीकाठी चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी उभी राहिली. आल्तिन्योवर २००९ पासून सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला सुबोध केरकर यांचं म्युझियम ऑफ गोवा आहे. आणि २०१६ च्या डिसेंबरपासून सेरेंडिपिटी कला महोत्सवात पणजीतल्या जुन्या इमारती आठवडाभर नव्या कलेने भरून जातात. जिथे एके काळी वैद्यकीय महाविद्यालय होतं त्या जुन्या इमारतीच्या खोल्यांतून मी काचेवर, मातीवर, मासेमारीच्या जाळ्यांवर केलेली कामं पाहिली आहेत. तरुण कलावंत आपल्या कामाशेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. गिरणी कामगाराच्या प्रश्नाचं उत्तर इथे कोणीतरी द्यायला लागलं आहे, असं वाटून मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बोललीच पाहिजे. पणजीतल्या एका दालनात जुन्या जाळ्यांचं मोठं काम टांगलं होतं. त्याखालचा मजकूर केवळ इंग्रजीत होता. माझ्याबरोबर आमच्या वाडीतला मासे मारणारा एक जण होता. जाळ्याची गाठ पाहून ते कोणत्या मासळीसाठी विणलं आहे हे त्याने हात न लावता ओळखलं. त्या खोलीत त्या कामाबद्दल सर्वांत जास्त जाणणारा माणूस तोच होता, आणि तिथला एकही शब्द त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता. उद्घाटनाच्या संध्याकाळी अशा माणसांना बोलावणं जात नाही. ते गेलं, आणि त्याच्या भाषेत गेलं, तर कलावंतालाही काही मिळेल.

माझ्या शाळेत वर्षाअखेरीला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. सुरुवातीला मीही पाहुणे, हार, समई असंच करत असे. पुढे मी गावातल्या मानकऱ्याला विनंती केली आणि चित्रांपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सांगितलं. त्याने मुलांच्या हाताला यश मागितलं, रंगाला पैसे मागितले, ज्यांची चित्रं लागली नाहीत त्यांना पुढच्या वर्षी जागा मागितली. ओळीने उभी असलेली आईबापं ‘होय म्हाराजा’ म्हणाली. मग प्रत्येक मुलगा आपल्या चित्राशेजारी उभा राहून बोलला. एकाने उलांडीची होडी काढली होती. एका म्हाताऱ्या तांडेलाने त्याला बाजूला घेऊन होडी आणि उलांडी यांच्यात अंतर किती असतं, आडवे दांडे कुठे बांधतात आणि लाट आली की वजन कुठे जातं, ते जमिनीवर बोटाने रेघा ओढून समजावलं. मुलाने दुसऱ्या दिवशी नवं चित्र काढून आणलं आणि ते जुन्याशेजारी लावलं. त्या वर्षीचं आमचं सगळ्यात चांगलं चित्र तेच होतं.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे जपलेल्या आहेत, आणि जाऊन विनंती केली तर चित्रकथी ऐकायलाही मिळते. म्हणजे चित्र लोकांपुढे मांडण्याची आमची रीत अजून जिवंत आहे आणि ती शिकवणारी माणसं आहेत.

म्हणून सावंतवाडी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले आणि पलीकडे पेडणं-म्हापशाच्या माझ्या चित्रकार मित्रांना माझी विनंती आहे. तुमचं पुढचं प्रदर्शन उघडाल तेव्हा पाहुण्यांच्या यादीत ज्यांच्या होड्या, जाळी, शेतं आणि चेहरे तुम्ही काढलेत त्यांची नावं आधी लिहा. चित्राखालचा मजकूर मराठीत आणि कोंकणीत द्या, मालवणीत दिलात तर फारच चांगलं. पिंगुळीच्या एखाद्या कलावंताला मानधन देऊन पहिलं पान उघडायला बोलवा. आणि त्या संध्याकाळी, चहा होण्याआधी, निदान एका चित्राशेजारी खाली बसून बोला. ऐकायला आम्ही आरोंद्याहून येऊ.